वीज पडण्याआधीचे दहा तास

जुलै महिना, भंडारा जिल्ह्यात रोवणीचे दिवस. हा घटनाक्रम कोणा एका गावाचा किंवा एका घराचा नाही. साकोली, लाखांदूर, पवनी, कुठल्याही धानाच्या शिवारात येऊ शकणाऱ्या एका दुपारचा आहे. माणसं कल्पनेतली आहेत, वीज मात्र खरोखर अशीच घडते.

सकाळी 6:00. दहा तास बाकी
बांधीत घोटाभर पाणी आहे, चिखलणी झालेली आहे. पऱ्ह्यांच्या पेंढ्या डोक्यावर घेऊन बाया धुऱ्यावरून उतरतात. काम गुत्त्यानं घेतलेलं, मजुरी एकरावर. आज बांधी संपलीच पाहिजे. आभाळ स्वच्छ आहे.

सकाळी 11:00. पाच तास बाकी
उकाडा वाढतो. बांध्या, बोड्या, मामा तलाव, वैनगंगेचं पात्र, सगळीकडून वाफ वर चढते. क्षितिजावर बुडाला सपाट आणि वरून फुगीर असे ढग दिसू लागतात.

दुपारी 2:00. दोन तास बाकी
ढग पाच किलोमीटरच्या वर गेला आहे. तिथं तापमान शून्याखाली असतं. बर्फाचे हलके कण वर जाताना जड, मऊ गारांवर आपटतात. या टकरींत कणांवर धन भार येतो, गारांवर ऋण. कण माथ्याकडे जातात, गारा पोटात राहतात आणि ढग आतून दुभंगतो. ढगाचा माथा ऐरणीसारखा पसरतो, तो दुरून सहज दिसतो. पण रोवणाऱ्या बाईची मान खाली असते.

दुपारी 3:00. एक तास बाकी
अशा ढगात किती विद्युतदाब साचतो? 1 डिसेंबर 2014 रोजी उटीवरून एक वादळी ढग गेला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या तिथल्या ग्रेप्स-3 प्रयोगात, अवकाशातल्या किरणांमुळे वातावरणात तयार होणाऱ्या म्युऑन कणांची संख्या अचानक घटली. त्या घटीवरून शास्त्रज्ञांनी ढगातला विद्युतदाब काढला: सुमारे 130 कोटी व्होल्ट. घरातल्या दिव्याला 230 व्होल्ट पुरतात.

दुपारी 3:20. चाळीस मिनिटं बाकी
पहिला गडगडाट. लकाकी आणि आवाज यांत 25 सेकंद गेले, म्हणजे वीज साडेआठ किलोमीटरवर आहे. ती ढगातल्या ढगातच चमकली. अशा काही विजांमधून गॅमा किरणांचे झोत थेट अवकाशात जातात. ते सहसा एक सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकेही टिकत नाहीत. कॉम्प्टन वेधशाळा या उपग्रहाला ते अनपेक्षितपणे सापडले, हे 1994 साली जगाला कळलं.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचं विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ अ‍ॅप याच घडीसाठी आहे. फोन धुऱ्यावरच्या पिशवीत, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला. पक्कं घर पंधरा मिनिटांच्या चालीवर आहे.
“मावशी, अभाळ आलं जी. चला ना.”
“एवढी ओळ होऊ दे, मंग जाऊ.”

दुपारी 3:50. दहा मिनिटं बाकी
पाऊस कोसळतो. आता लकाकीनंतर तीन सेकंदांत आवाज येतो, म्हणजे एक किलोमीटर. घर लांब, धुऱ्यावरचं मोहाचं झाड जवळ. सगळ्या मोहाखाली जमतात.

शेवटचे 20 मिलिसेकंद
ढगाच्या पोटातून विजेची वाट खाली निघते. ती सलग येत नाही, सुमारे 50 मीटरची एकेक उडी घेत येते. दोन उड्यांमध्ये सेकंदाच्या वीस ते पन्नास दशलक्षांश भागांचा थांबा.

शेवटचे मायक्रोसेकंद
प्रत्येक उडीच्या टोकाशी विद्युतक्षेत्र अफाट वाढतं. एरवी हवेतले रेणू इलेक्ट्रॉनला अडवतात, त्याचा वेग खातात. इथे मात्र इलेक्ट्रॉन जेवढी ऊर्जा गमावतो, त्याहून जास्त मिळवतो आणि सुसाट सुटतो. तो जवळपास प्रकाशाच्या वेगानं नायट्रोजन-ऑक्सिजनच्या अणुकेंद्रांजवळून जाताना वळतो, मंदावतो, आणि गमावलेली ऊर्जा क्ष-किरण होऊन बाहेर पडते. दवाखान्यातल्या क्ष-किरण नळीतही इलेक्ट्रॉनला असाच ब्रेक लागतो.

भौतिकशास्त्रज्ञ सी. टी. आर. विल्सन यांनी असे सुसाट इलेक्ट्रॉन 1925 सालीच कल्पिले होते. जमिनीवर पडणाऱ्या विजेत त्यांचा पुरावा मिळायला पाऊण शतक लागलं. 2001 साली न्यू मेक्सिकोतल्या डोंगरावर नैसर्गिक विजेतून त्यांचं प्रारण नोंदलं गेलं. पुढे फ्लोरिडात ढगाकडे तार बांधलेले रॉकेट सोडून मुद्दाम वीज उतरवली गेली आणि जोसेफ ड्वायर व सहकाऱ्यांनी 2003 साली तिचे क्ष-किरण दाखवले. वीज उतरत असतानाच, डोळे दिपवणाऱ्या लखलखाटाच्या आधी, हे किरण येतात. काहीशे मीटर हवेत ते विरून जातात.

मोहाखाली उभ्या असलेल्या कुणालाही ते जाणवत नाहीत.

दुपारी 4:00
मोहाच्या शेंड्यातून वर निघालेली ठिणगी त्या वाटेला भिडते. हजारो अँपिअरचा प्रवाह वाहतो, हवा सुमारे 30,000 अंशांना तापते आणि फुटते. तोच कानठळ्या बसवणारा आवाज. माणसाला मारतो तो हा प्रवाह, क्ष-किरण नव्हेत. खोडातून उतरलेली वीज ओल्या जमिनीत पसरते, एका पायातून चढते आणि दुसऱ्यातून उतरते.

दुपारी 4:01
दोघी चिखलात पडल्या आहेत. बाकीच्या हात लावायला घाबरतात. पण वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज उरत नाही. त्याला लगेच हात लावता येतो, लावायलाच हवा. श्वास थांबला असेल तर छाती दाबत राहायची आणि 108 ला फोन करायचा.

उपकरणांनी पकडलेला क्ष-किरणांचा शेवटचा इशारा माणसाच्या कामाचा नाही. तो मिळाला तरी पाऊल उचलायलाही वेळ नसतो. आपल्या कामाचा इशारा 3:20 चा. पहिला गडगडाट झाला की पेंढी खाली ठेवायची, पक्कं घर गाठायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथंच थांबायचं. आणि थांबल्यामुळे बांधी आज संपली नाही तरी मजुरी कापली जाणार नाही, असा शब्द बांधीच्या मालकानं सकाळी 6 वाजताच द्यायचा. उरलेली ओळ उद्या रोवता येते.