निवृत्त की ‘अर्धवट’ नोकरीत?

आमच्या कॅलिफोर्नियातल्या टीममध्ये एक टेस्टर आहे. अमेरिकन सैन्यात वीस वर्षं काढून मग सॉफ्टवेअरमध्ये आलेला. मागच्या आठवड्यात जेवताना वैतागून म्हणाला, “पेन्शन देतं वॉशिंग्टन, मग त्यावर राज्य कर का घेतं?” आपल्याकडे पेन्शनवरचा आयकर फक्त केंद्राचा, त्यामुळे हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. झालं, शनिवार त्यात गेला!

भांडण जुनं आहे. १८१९ साली मेरीलँडने केंद्राच्या बँकेवर कर लावला, तेव्हा सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला. पुढे १९३९ मध्ये कायदा झाला: केंद्राच्या नोकरांच्या पगारावर राज्यांनी कर लावावा, पण पैसे केंद्राकडून येतात म्हणून भेदभाव करू नये.

राज्यांनी व्हायचं तेच केलं. मिशिगनने स्वतःच्या नोकरांची पेन्शन करमुक्त ठेवली आणि केंद्राच्या पेन्शनवर कर लावला. डेव्हिस नावाच्या निवृत्त केंद्रीय नोकराने दावा लावला आणि १९८९ मध्ये तो जिंकला.

खरी गंमत कॅन्ससची. त्यांचं म्हणणं, सैनिक कधी निवृत्त होतच नाही, त्याला केव्हाही परत बोलावता येतं. म्हणजे त्याला मिळते ती पेन्शन नव्हे, तर कमी कामाचा कमी पगार. आणि पगारावर कर सगळेच भरतात! राज्याच्या कोर्टाला हे पटलंसुद्धा. पण १९९२ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की करापुरतं तरी हे मागच्या सेवेचंच, उशिरा दिलेलं वेतन आहे.

मात्र या निकालांनी सैनिकांना करमाफी दिली नाही, फक्त समान वागणूक दिली. टेक्सास, फ्लोरिडात व्यक्तींना आयकरच नाही. बऱ्याच राज्यांनी सूट दिली, कारण चाळिशीतला निवृत्त सैनिक म्हणजे दुसरी नोकरी करणारा, घर घेणारा माणूस. तो आपल्याकडे यावा असं कुणाला वाटणार नाही? कॅलिफोर्निया मात्र बराच काळ अडून होतं. २०२५ पासून इथे २०,००० डॉलरपर्यंत सूट आहे, तीही उत्पन्नाची मर्यादा घालून.

सोमवारी त्याला हे सगळं सांगितलं. नवरा-बायको दोघं कमावते, त्यामुळे तो मर्यादेच्या बाहेर. आणि कोर्टात जायचीही सोय नाही, कारण कॅलिफोर्निया स्वतःच्या पेन्शनरांनाही सोडत नाही.

“म्हणजे सगळ्यांना सारखंच लुटतात,” तो म्हणाला. कायद्याचा सारांश मला याहून थोडक्यात सांगता आला नसता. असो.