एका नगरातून दिसणाऱ्या सूर्यग्रहणांची वारंवारता

एखाद्या नगरातून सूर्यग्रहण किती वर्षांनी दिसते, हा प्रश्न वरवर सरळ आहे. त्यातील तीन पदांचा अर्थ निश्चित केल्यावाचून मात्र त्याला उत्तर देता येत नाही. ती पदे म्हणजे ‘ग्रहण’, ‘नगर’ आणि ‘दिसणे’.

प्रथम ग्रहण. चंद्राच्या छायेचे दोन भाग असतात. ज्या भागात सूर्यबिंब पूर्णतः झाकले जाते ती प्रच्छाया आणि ज्या भागात ते अंशतः झाकले जाते ती उपच्छाया. प्रच्छायेचा शंकू भूपृष्ठापर्यंत पोचला तर तेथे खग्रास ग्रहण होते. शंकूचे टोक भूपृष्ठाच्या वरच संपले, तर त्याच्या सरळ रेषेतील स्थळांवरून चंद्रबिंबाभोवती सूर्याची कडा दिसते. हे कंकणाकृती ग्रहण होय. केवळ उपच्छायेत येणाऱ्या स्थळी खंडग्रास ग्रहण होते. एकाच ग्रहणाच्या मार्गावर काही ठिकाणी खग्रास व काही ठिकाणी कंकणाकृती स्थिती असेल, तर त्यास संकरित म्हणतात. येथे एक भेद ध्यानात ठेवावा. ग्रहणाचा प्रकार दोन प्रकारे सांगितला जातो, संपूर्ण पृथ्वीच्या अपेक्षेने आणि एका स्थळाच्या अपेक्षेने. २२ जुलै २००९ चे ग्रहण पृथ्वीच्या अपेक्षेने खग्रास होते आणि सुरतेतही खग्रास होते. मुंबईत ते खंडग्रास होते. आपला प्रश्न नगराविषयीचा असल्याने प्रकारही नगराच्या अपेक्षेनेच घ्यावा लागतो.

खंडग्रास व खग्रास यांत केवळ प्रमाणाचा भेद आहे, असा समज रूढ आहे आणि तो चुकीचा आहे. सूर्याचे तेज पौर्णिमेच्या चंद्राच्या सुमारे चार लाख पट आहे. म्हणून बिंबाचा शंभरावा भाग जरी उघडा राहिला, तरी त्याचा प्रकाश पूर्णचंद्राच्या सुमारे चार हजार पट ठरतो. तेवढ्या प्रकाशात सूर्याचे प्रभामंडल दिसत नाही, तारे दिसत नाहीत आणि नुसत्या डोळ्यांनी पाहणे निर्धोक नसते. ‘नव्याण्णव टक्के ग्रहण’ हे म्हणून खग्रासाच्या जवळचे नव्हे. वारंवारतेच्या गणनेत खग्रासाचा हिशेब म्हणून वेगळा ठेवावा लागतो.

दुसरे पद नगर. गणितात नगर हा बिंदू मानतात, प्रत्यक्षात त्याला विस्तार असतो. खग्रासाच्या पट्ट्याची सीमा इतकी तीक्ष्ण असते की ती नगराच्या मधून जाऊ शकते. २४ जानेवारी १९२५ रोजी न्यूयॉर्कमध्ये तसे घडले. मॅनहॅटन बेटावर निरीक्षकांची रांग उभी करून सीमा शोधण्यात आली आणि ती शहाण्णवाव्या रस्त्याजवळ निघाली. उत्तरेकडील रहिवाशांना खग्रास दिसले, दक्षिणेकडील रहिवाशांना दिसले नाही. ‘न्यूयॉर्कला त्या दिवशी खग्रास झाले’ हे विधान खरे की खोटे, हे बोलणारा कोठे उभा होता त्यावर ठरते.

तिसरे पद दिसणे. ग्रहण क्षितिजाच्या वर घडणे ही गणिताची अट, आकाश निरभ्र असणे ही ऋतूची अट. पहिलीची पूर्तता शतकानुशतके आधी सांगता येते, दुसरीची आठवडाभर आधीही खात्रीने सांगता येत नाही. प्रथम गणितीय वारंवारतेचा विचार करू.

चंद्राची कक्षा क्रांतिवृत्ताशी, म्हणजे सूर्याच्या भासमान मार्गाशी, सुमारे पाच अंश नऊ कलांचा कोन करते. ती क्रांतिवृत्ताला ज्या दोन बिंदूंत छेदते ते पात, म्हणजेच परंपरेतील राहू व केतू. अमावास्येला सूर्य पाताच्या पुरेसा जवळ असेल तरच ग्रहण संभवते. पाताच्या दोन्ही बाजूंस सुमारे १५.४ अंशांच्या आत ते अटळ असते, सुमारे १८ अंशांपर्यंत शक्य असते. पाताच्या सापेक्ष सूर्य एका चांद्रमासात सुमारे ३०⅔ अंश सरकतो. ग्रहणसंभवाचे क्षेत्र याहून किंचित रुंद असल्यामुळे सूर्य ते ओलांडत असताना किमान एक अमावास्या त्यात पडतेच. सूर्य असे क्षेत्र वर्षातून दोनदा ओलांडतो, म्हणून पृथ्वीवर वर्षाला किमान दोन सूर्यग्रहणे होतात. कमाल संख्या पाच आहे. ती १९३५ मध्ये गाठली गेली आणि पुन्हा २२०६ मध्ये गाठली जाईल.

खगोलगणिती एस्पेनाक व मेउस यांनी इ. स. पू. २००० ते इ. स. ३००० या पाच सहस्रकांसाठी सिद्ध केलेल्या सारणीत ११,८९८ सूर्यग्रहणे आहेत, म्हणजे वर्षाला सरासरी २.३८. त्यांपैकी सुमारे ३५ टक्के केवळ खंडग्रास, ३३ टक्के कंकणाकृती, २७ टक्के खग्रास व ५ टक्के संकरित आहेत. कंकणाकृती ग्रहणे खग्रासांहून अधिक का, याचे उत्तर दोन लांबींच्या तुलनेत आहे. चंद्राच्या प्रच्छायेची सरासरी लांबी सुमारे ३,७३,००० किलोमीटर आणि चंद्राचे पृथ्वीच्या केंद्रापासून सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर. पृथ्वीची त्रिज्या वजा केली तरी सावली भूपृष्ठाला काही हजार किलोमीटरांनी अपुरी पडते. खग्रास बहुधा चंद्र सरासरीहून जवळ असताना घडते.

आता पृथ्वीवरून नगराकडे येऊ. उपच्छायेचा व्यास सुमारे सात हजार किलोमीटर असतो, त्यामुळे तिच्या मार्गात पृथ्वीचा मोठा भाग येतो. एका ग्रहणाच्या वेळी सरासरीने पृथ्वीच्या सुमारे सहाव्या भागावरून काही ना काही ग्रास दिसतो असे धरले, तर २.३८ ला सहाने भागून वर्षाला सुमारे ०.४ हा आकडा येतो. एका नगरातून कोणत्याही प्रकारचे सूर्यग्रहण सुमारे अडीच वर्षांतून एकदा दिसते, हे स्थूलमान त्यातूनच निघते.

खग्रासाचे गणित याच पद्धतीचे, परंतु फल अगदी वेगळे. प्रच्छायेचा पट्टा सामान्यतः दीडशे किलोमीटरांच्या आसपास रुंद आणि बारा ते पंधरा हजार किलोमीटर लांब असतो. त्याचे क्षेत्रफळ सुमारे वीस लाख चौरस किलोमीटर होते. पृथ्वीचे पृष्ठफळ सुमारे ५१ कोटी चौरस किलोमीटर आहे, म्हणजे एक खग्रास पृथ्वीच्या सुमारे २५० व्या भागावरून जाते. खग्रासे सरासरी दीड वर्षाने एक होतात. २५० ला दीडने गुणले असता ३७५ वर्षे येतात. बेल्जियन गणिती जाँ मेउस यांनी संगणकाने सूक्ष्म गणना करून काढलेले मानही ३७५ वर्षेच आहे. आपले गणित स्थूल असल्याने हा तंतोतंत मेळ योगायोगाचा मानावा, परिमाणाची पातळी मात्र त्याने निश्चित होते. कंकणाकृतीसाठी मेउस यांचे मान २२४ वर्षे आहे.

येथे एक उपभेद येतो. ही सरासरी संपूर्ण पृथ्वीची आहे, सर्व अक्षांशांना ती सारखी लागू नाही. पृथ्वी सूर्यापासून सर्वांत दूर जुलैच्या आरंभी असते. तेव्हा सूर्यबिंब लहान दिसते, म्हणून ते पूर्ण झाकले जाण्याची शक्यता वाढते. त्याच काळात उत्तर गोलार्धात दिवस मोठा व सूर्य अधिक वेळ क्षितिजावर असतो. परिणामतः सांप्रत युगात खग्रासे उत्तर गोलार्धाला अधिक व कंकणाकृती ग्रहणे दक्षिण गोलार्धाला अधिक मिळतात. अयनचलनामुळे ही अनुकूलता सहस्रकांच्या क्रमाने बदलते.

सरासरी सिद्ध झाली. तिचा अर्थ काय, हा प्रश्न आता उरतो आणि विवेचनाचा भर त्यावरच असणे योग्य आहे. सरासरी हे कालचक्र नव्हे. नगराला ३७५ वर्षांचा वार लावून दिलेला नाही. २२ मे १७२४ चे एकच खग्रास पाहावे. त्याचा पट्टा आजच्या लॉस एंजेलिसच्या स्थळावरून जाऊन अटलांटिक ओलांडून सूर्यास्तासमयी पॅरिसवर आला. पॅरिसला पुढील खग्रास ३ सप्टेंबर २०८१ रोजी आहे, म्हणजे ३५७ वर्षांनी, सरासरीच्या अगदी जवळ. लॉस एंजेलिसला पुढील खग्रास १ एप्रिल ३२९० रोजी आहे, म्हणजे सुमारे १,५६६ वर्षांनी. लंडन १७२४ च्या पट्ट्यातून थोडक्यात सुटले. त्याच्या नऊच वर्षे आधी, ३ मे १७१५ रोजी, तेथे खग्रास झाले होते आणि एडमंड हॅले यांनी त्याच्या मार्गाचा नकाशा आगाऊ प्रसिद्ध केला होता. लंडनचे त्यापूर्वीचे खग्रास इ. स. ८७८ मधील, पुढील १४ जून २१५१ चे. मधली अंतरे ८३७ व ४३६ वर्षांची.

उलट दिशेची उदाहरणेही तितकीच खरी आहेत. अमेरिकेतील इलिनॉय राज्यातील कार्बनडेल या गावाला २१ ऑगस्ट २०१७ व ८ एप्रिल २०२४ अशी दोन खग्रासे सात वर्षांच्या आत मिळाली. महाराष्ट्रात याला तुल्य उदाहरण विजयदुर्गाचे आहे. १८ ऑगस्ट १८६८ चा रुंद पट्टा विजयदुर्गाच्या परिसरातून जमखंडी, विजापूर, गुंटूर असा पूर्वेकडे गेला. २२ जानेवारी १८९८ चा पट्टा तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर चढून ईशान्येस जेऊरकडे गेला. जेऊर येथे अमेरिकेतील लिक वेधशाळेचे पथक होते आणि पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला होते, तर इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी विजयदुर्ग निवडले होते. दोन ग्रहणांमध्ये अंतर २९ वर्षे ५ महिने. ती इतकी जवळ आल्यामुळे लोकस्मृतीत त्यांची सरमिसळ झाली. किल्ल्यावरील ‘साहेबाच्या ओट्यां’वरून लॉकियर यांनी १८६८ मध्ये हेलियमचा शोध लावला, असे आजही सांगितले व छापले जाते. १८६८ मध्ये लॉकियर इंग्लंडमध्ये होते आणि त्यांनी त्या वर्षीचा वर्णपटाचा वेध ग्रहणावाचून घेतला. विजयदुर्गास ते आले १८९८ मध्ये.

मग काही चक्र आहेच की नाही? आहे, परंतु ते नगराचे नाही. २२३ चांद्रमासांचे, म्हणजे १८ वर्षे व सुमारे ११⅓ दिवसांचे सॅरोस हे चक्र पूर्ण झाल्यावर सूर्य, चंद्र व पात जवळजवळ त्याच स्थितीत परततात आणि सदृश ग्रहण घडते. मात्र त्या ⅓ दिवसात पृथ्वी सुमारे १२० अंश फिरते, त्यामुळे पट्टा तितकाच पश्चिमेकडे सरकतो. तीन सॅरोस झाल्यावर, म्हणजे ५४ वर्षे व सुमारे ३४ दिवसांनी, रेखांश जवळपास जुळतो, पण तोवर अक्षांश सरकलेला असतो. विजयदुर्गाच्या १८९८ च्या ग्रहणाचे तिसरे सदृश ग्रहण २५ फेब्रुवारी १९५२ रोजी झाले. त्याचा पट्टा खार्टूमवरून इराणकडे गेला, कोकणापासून दूर. त्याच मालिकेचे सातवे ग्रहण ८ एप्रिल २०२४ चे, म्हणजे कार्बनडेलला मिळालेले दुसरे. सॅरोस ग्रहणाची तिथी पाळते, गाव पाळत नाही.

खंडग्रासांचेही वाटप असमान असते, जरी त्याची मर्यादा वर्षांची असते, शतकांची नव्हे. मुंबईत १ ऑगस्ट २००८, २२ जुलै २००९ व १५ जानेवारी २०१० अशी तीन ग्रहणे अठरा महिन्यांच्या आत आली. त्यानंतर २६ डिसेंबर २०१९ पर्यंत एकही नाही. ९ मार्च २०१६ चे ग्रहण भारताच्या बहुतांश भागांत दिसले, पश्चिम व वायव्य भागांत नाही. दशकाच्या खंडानंतर २१ जून २०२० चे ग्रहण मात्र सहा महिन्यांच्या आतच आले आणि २५ ऑक्टोबर २०२२ रोजी, दिवाळीच्या दिवसांत, सूर्य ग्रस्त असतानाच मावळला. पंचांगकर्ते यास ग्रस्तास्त म्हणतात. अशा ग्रहणाचा मोक्ष त्या नगरात दिसत नाही. गणनेत ते पूर्ण एक धरावे की नाही, हा संकेताचा प्रश्न आहे. या लेखात ते एक धरले आहे.

आता ऋतूची अट. कोकणात जून ते सप्टेंबर हे चार महिने आकाश बहुधा मेघाच्छादित असते. वरील मुंबईच्या सहा ग्रहणांपैकी २००८, २००९ व २०२० ही तीन पावसाळ्यातील आहेत. ११ ऑगस्ट १९९९ चेही त्याच ऋतूतील. विजयदुर्गाची दोन खग्रासे या दृष्टीनेही विषम आहेत, १८६८ चे भर श्रावण-भाद्रपदाच्या सुमाराचे, १८९८ चे जानेवारीतील. विजयदुर्गास निरीक्षक दुसऱ्यासाठी आले, यात आश्चर्य नाही. गणितीय वारंवारतेला निरभ्रतेच्या संभाव्यतेने गुणल्यावर दृश्य वारंवारता मिळते, आणि मुंबईसाठी ती गणितीय वारंवारतेहून बरीच कमी येते. जुलैच्या आसपास खग्रासे अधिक, हा उत्तर गोलार्धाचा लाभ मान्सूनच्या प्रदेशात मोठ्या अंशी बुडतो.

शेवटी मनुष्याच्या आयुष्याचे मान. खग्रासाचे सरासरी अंतर ३७५ वर्षे धरले, तर ऐंशी वर्षे एकाच नगरात राहणाऱ्या व्यक्तीला तेथे एखादे तरी खग्रास घडण्याची संभाव्यता सुमारे एक पंचमांश येते. आकाश निरभ्र असण्याची अट तिला आणखी लहान करते. त्याच व्यक्तीच्या नगरात कोणत्याही प्रकारची ग्रहणे मात्र तीसच्या आसपास घडतील. म्हणून ‘आमच्या गावात ग्रहण कधी’ हा प्रश्न खंडग्रासाविषयी विचारावा, खग्रासाविषयी ‘मी कोठे जावे’ हा प्रश्न विचारावा. मुंबईकराला पुढील खंडग्रास २ ऑगस्ट २०२७ रोजी, ऐन पावसाळ्यात आहे. त्याच दिवशी इजिप्तमधील लक्सर येथे सहा मिनिटांहून अधिक काळ खग्रास असेल. भारताच्या भूमीवरील पुढील खग्रास २० मार्च २०३४ रोजी आहे आणि त्याचा पट्टा कारगिलच्या परिसरातून जातो.