दासगावच्या धक्क्यावरून

साल १९३३. तुम्ही पोलादपूरचे, मुंबईत गिरणीत कामाला. मे सरायच्या आत निघा, कारण पावसाळ्यात आगबोटी बंद. महाडपर्यंत पायी, मग दासगाव बंदरातून सावित्रीच्या खाडीनं बाणकोटकडे, पुढे समुद्र. कोकण रेल्वेला अजून साठ वर्षं आहेत.

१ जुलैला मुंबईत 'नाट्यमन्वंतर' या नाट्यसंस्थेचं 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक लागतं. बायकांच्या भूमिका पुरुषांनीच करायच्या, बालगंधर्वांसारख्या करायच्या, ही तुमच्या डोळ्यांची सवय. इथे बाई बाईचंच काम करते. बिंबा झालेली मुलगी एकोणीस वर्षांची: गोव्यातल्या बांदिवड्याची दुर्गा केळेकर, वर्षभरापूर्वी लग्न होऊन ज्योत्स्ना भोळे झालेली. चाली तिच्या नवऱ्याच्या, केशवराव भोळ्यांच्या. गाणी मोजकी आणि आटोपशीर. 'वन्स मोअर' ओरडायला तुम्ही तोंड उघडता, तोवर ती पुढचं वाक्य बोलूनही जाते. थोडा हिरमोड होतो खरा. पण गाणं नाटक थांबवत नाही, हे घरी जाताना पटतं.

आता २३ ऑगस्ट १९४२ ला या. मो. ग. रांगणेकरांचं 'कुलवधू', संगीत मास्तर कृष्णरावांचं. भानुमतीच्या भूमिकेत ज्योत्स्नाबाई. बाहेर 'चले जाव'ची धरपकड चालू आहे. अठरा दिवसांनी, १० सप्टेंबरला, तुमच्या महाडात मोर्चावर गोळीबार होतो. गावची बातमी मुंबईच्या खोलीत पोचते, आणि शेजारच्या चाळीत कुणीतरी 'कुलवधू'तलं पद गुणगुणत असतं. तुम्हाला त्याचा राग येतो. येऊ द्या, दोन्ही त्याच दिवसांतलं आहे.

पुढची वर्षं भराभर ओलांडू. बाई रेडिओवर गातात, भावगीतं गातात, 'आराधना' नावाचं नाटकही लिहितात. पु. ल. देशपांडे राजा बढ्यांच्या शब्दांना चाल लावतात आणि माहेरच्या ओढीचं एक गाणं ज्योत्स्नाबाईंच्या गळ्यातून येतं. हे मात्र पोलादपुरातच ऐका. नवरा मुंबईत, माहेर घाटापलीकडे, अशी सासुरवाशीण इथल्या घराघरांत आहे. बाईंनी शब्द नीट ऐकू येऊ दिले, तान मिरवली नाही. नाटकात जे केलं तेच इथे. माझ्या मते त्यांचं अष्टपैलूपण यातच आहे: रंगमंच असो वा रेडिओ, बोलणाऱ्या बाईचा आवाज गाताना हरवला नाही.

५ ऑगस्ट २००१ ला त्या गेल्या. पुण्यात हिराबागेजवळ त्यांच्या नावाचं सभागृह आहे. तिथे कार्यक्रमाला जाल, तेव्हा आधी त्यांची एखादी जुनी तबकडी ऐकून जा.