कर्णधार कोण? : १९२० सालचा एक वाद

संघाला पुढे कोणी न्यायचे, हा वाद नवा नाही. आमच्या धाराशिवात रात्री जागून इंग्लंडमधला फुटबॉल पाहणारी मुले आहेत. अ‍ॅलेक्स फर्ग्युसन २०१३ साली निवृत्त झाले, तेव्हापासून मँचेस्टर युनायटेडचा पुढचा मॅनेजर कोण, यावर ती तावातावाने बोलतात. अनुभव, वय, शिस्त, खेळाडूंवरचा वचक अशी मापे लावली जातात. ती ऐकताना मला शंभर वर्षांपूर्वीचा मुंबईतला एक वाद आठवतो. तो क्रिकेटचा होता आणि मॅनेजरचा नव्हे, कर्णधाराचा होता. गोलंदाज कधी बदलायचा, कोणाला कुठे उभे करायचे, डाव कधी सोडायचा हे सारे मैदानावर कर्णधारच ठरवी. त्या वादात ही सगळी मापे लावून झाल्यावरही एक माप शिल्लक राहत होते. ते जातीचे.

मुंबईतले तेव्हाचे मोठे सामने धर्मावार संघांचे असत. युरोपियन आणि पारशी यांच्यात १९०७ साली हिंदूंचा संघ आला आणि तिरंगी स्पर्धा सुरू झाली. १९१२ मध्ये मुसलमानांचा संघ येऊन ती चौरंगी झाली. सामन्यांना मोठी गर्दी लोटे, वर्तमानपत्रे रकानेच्या रकाने भरत. हिंदू संघ निवडण्याचा अधिकार जिमखान्याच्या मंडळींकडे होता. त्या निवडीवर मत द्यायला मात्र सारे शहर मोकळे होते.

या संघाचा सर्वांत मोठा गोलंदाज पालवणकर बाळू. चर्मकार कुटुंबातला हा मुलगा पुण्यात पारशांच्या क्रिकेट क्लबात महिना तीन रुपयांवर मैदानाची कामे करी. पुढे पूना क्लबात चार रुपये मिळू लागले. तिथे इंग्रज अधिकाऱ्यांना सरावासाठी तो तासन्‌तास चेंडू टाकी. फलंदाजी साहेबांची, गोलंदाजी बाळूची, अशी ती वाटणी होती. त्याच्या डावखुऱ्या फिरकीची कीर्ती झाली तेव्हा पुण्याच्या हिंदू क्लबाने त्याला संघात घेतले. पण चहाच्या वेळी इतरांचे कप आत आणि बाळूचा चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. पुढे मुंबईत येऊन तो हिंदू संघाचा आधारस्तंभ झाला. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली जो हिंदी संघ इंग्लंडला गेला, त्या दौऱ्यात बाळूने सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले.

एवढ्या कर्तबगारीनंतर कर्णधारपद चालून यायला हवे होते. ते आले नाही. १९१३ साली कर्णधार झालेले म. द. पै यांनीच जाहीरपणे सांगितले, की हा मान ज्येष्ठ आणि अनुभवी म्हणून बाळूंचा होता. मानकऱ्यानेच मान दुसऱ्याचा असल्याचे सांगावे, यातच त्या वादाचे स्वरूप कळते.

मराठवाड्यात वाढलेल्याला ही गाठ उलगडून सांगावी लागत नाही. आमच्याकडे हलगी वाजल्याशिवाय मिरवणूक हलत नसे. पण पुढे चालणाऱ्या हलगीवाल्याला पंगतीत जागा नसे. कसब घ्यायला कोणाची ना नव्हती. अडचण होती ती हुकूम घेण्याची. गोलंदाज सांगेल तेव्हा चेंडू टाकतो. कर्णधार सांगतो आणि इतर ऐकतात. बाळूला संघात घेणे सोपे आणि कर्णधार करणे अवघड, ते यामुळे.

१९२० साली हे उघड झाले. त्या वर्षी बाळूंना वगळण्यात आले. पै पहिल्या सामन्याला नव्हते, म्हणून पुण्याचे दि. ब. देवधर यांना कर्णधार नेमले. बाळू पंचेचाळिशीकडे झुकले होते, तेव्हा वयाचे कारण देता आले असते. पण त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल आणि शिवराम संघात होते आणि दोघेही देवधरांपेक्षा ज्येष्ठ. देवधरांच्या गुणांविषयी प्रश्न नव्हता. पुढे त्यांनी मोठी कारकीर्द केली. पण अनुभवाचे माप लावायचे तर ते सगळ्यांना लावायला हवे होते. दोघा भावांनी जाहीर निवेदन देऊन संघातून माघार घेतली. जातीमुळे डावलले जाणे मान्य नाही, असा त्याचा अर्थ होता.

हे वर्ष लक्षात घेण्याजोगे आहे. जानेवारीत बाबासाहेब आंबेडकरांचे ‘मूकनायक’ निघाले होते, मार्चमध्ये माणगावची परिषद झाली होती आणि डिसेंबरात नागपूरची काँग्रेस अस्पृश्यता निवारणाचा ठराव करणार होती. मैदानावरचा प्रश्न मैदानापुरता राहणे शक्यच नव्हते. वृत्तपत्रांतून आणि प्रेक्षकांतून भावांना पाठिंबा मिळाला. अंतिम सामन्याला पै परतले, भाऊ परतले, बाळूंना संघात घेऊन उपकर्णधार केले. त्या सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ संघ बाळूंच्या हुकुमाने खेळला.

तेवढाच वेळ. स्पर्धेत कर्णधार म्हणून नेमणूक त्यांच्या वाट्याला कधीच आली नाही. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले, हिंदूंनी युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली आणि सवर्ण प्रेक्षकांनी विठ्ठलना खांद्यावर घेतले. विठ्ठल यांनी १९४८ साली ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिले. ते आज फारसे वाचले जात नाही, याची मला खंत वाटते.

चाहत्यांच्या वादाने काय साधले? माझ्या मते दोन गोष्टी. बंद खोलीतल्या निवडीला जाहीर कारण देणे भाग पडले, आणि कारण टिकेना तेव्हा निवड बदलावी लागली. पण न्याय एक पिढी उशिरा, धाकट्या भावाच्या दारी पोचला. खांद्यावर घेणाऱ्या गर्दीने तो उशीर भरून निघत नाही.

बाळू आणि बाबासाहेब यांचे मार्ग पुढे वेगळे झाले. १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत काँग्रेसने बाळूंना बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. सुमारे दोन हजार मतांनी ते हरले. त्यानंतर चार वर्षांनी, २२ व २३ फेब्रुवारी १९४१ रोजी, आज आमच्या जिल्ह्यात असलेल्या कसबे तडवळे येथे बाबासाहेबांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदारांची परिषद झाली. वतन म्हणजे गावाची पडतील ती कामे करायची आणि गावाच्या निर्णयात बोलायचे नाही. जिमखान्यात बाळूंच्या वाट्याला आलेली वाटणी आणि तडवळ्याच्या वतनदारांची वाटणी एकाच जातीची होती. एका ठिकाणी तिला खेळाचा नियम म्हणत, दुसऱ्या ठिकाणी गावची रीत.