वामनवृक्ष आणि माळ्याची कात्री

वृक्ष लहान करून कुंडींत वाढविण्याची कला आपल्याकडील सुशिक्षित घरांत आतां परिचयाची झाली आहे. खिडकींत ठेवलेलें नांदरुकाचें कोंवळें रोप पाहून आपणहि याचें बोन्साय करावें, असें पुष्कळांस वाटतें आणि मग पहिली गोष्ट घडते ती ही कीं, हातीं कात्री येते. उलट या कलेविषयीं मनांत अढी बाळगणारेहि थोडे नाहींत. झाडाला उपाशी ठेवून व त्याचे हातपाय तोडून त्याला खुजें करण्यांत कसली आली आहे कला, असा त्यांचा सवाल असतो. उतावळा हौशी आणि हा आक्षेपक यांची समजूत मुळांत एकच आहे. कापल्यामुळें झाड लहान राहतें, असें दोघेहि मानतात. या कलेचा इतिहास पाहिला असतां मात्र कांहीं निराळें दिसून येतें.

‘बोन्साय’ हा शब्द जपानी आहे. ‘बोन’ म्हणजे उथळ पात्र व ‘साय’ म्हणजे लावलेलें रोप. परंतु या कलेचें मूळ चीन देशांत आहे. तेथील थांग राजवंशांतील राजपुत्र ली श्येन याची कबर इ. स. ७०६ मध्यें सिद्ध झाली. तिच्या भिंतीवरील चित्रांत एका सेवकाच्या हातीं तबक असून त्यांत लहानसे खडक व चिमुकलीं झाडें दाखविलेलीं आहेत. चीनमधून ही आवड जपानांत गेली. इ. स. १३०९ मधील ‘कासुगा गोंगेन गेंकी’ या चित्रपटांत एका संपन्न घरीं मांडलेलीं पात्रांतलीं झाडें स्पष्ट दिसतात.

या झाडांचें मोल लोकांस काय वाटत असे, हें जपानच्या नो-नाट्यांतील ‘हाचिनोकी’ म्हणजे ‘कुंडींतलें झाड’ या नाटकावरून कळतें. बर्फाच्या रात्रीं एक प्रवासी भिक्षु गेन्झाएमोन नांवाच्या दरिद्री योद्ध्याच्या झोपडींत आश्रय घेतो. सरपण संपलेलें असतें. पाहुण्यास ऊब मिळावी म्हणून यजमान आपली उरलीसुरली दौलत, प्लम, चेरी व पाइन यांचीं कुंडींतलीं तीन झाडें, तोडून विस्तवांत घालतो. तो भिक्षु म्हणजे वेष पालटून फिरणारा, तेराव्या शतकांतील राज्यसूत्रधार होजो तोकियोरी होय, असें पुढें उघड होतें आणि योद्ध्यास त्या तीन वृक्षांच्या नांवांचीं तीन गांवें इनाम मिळतात. कथा कल्पित असेल. तथापि ती ऐकून मन हेलावण्यास श्रोत्याला एक गोष्ट आधींच ठाऊक असावी लागते. अशा झाडांत माणसाच्या आयुष्याचीं वर्षें सांठविलेलीं असतात. गेन्झाएमोनानें विस्तवांत घातलीं तीं तीं वर्षें होत.

हीं वर्षें सांठवावयाचीं कशीं, हा कारागिरीचा खरा प्रश्न आहे. आरंभींचे पुष्कळ नमुने डोंगरांतून आणलेले असत. कड्याच्या फटींत रुजलेलें, वाऱ्यानें वाकविलेलें झाड निसर्गानेंच लहान केलेलें असे. जुन्या वाड्याच्या भिंतींत उगवलेला पिंपळ ज्यांनीं पाहिला आहे त्यांस हें सहज पटेल. मुळांस पसरावयास जागा नाहीं म्हणून वाढ बेताची, परंतु झाड जिवंत असतें व दर वर्षीं नवी पालवी काढतें. कोंवळ्या रोपापासून आरंभ करावयाचा तर मात्र कडा, वारा व बर्फ या तिघांचें काम माळ्यास आपल्या हातानें करावें लागतें.

तें कसें करावें, याचा उत्तम पाठ दक्षिण चीनमधील लिंगनान परंपरेनें घालून दिला. क्वांगतुंग प्रांतांत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत नांवारूपास आलेल्या या परंपरेंत फांद्या तारेनें वळविण्यापेक्षां कात्रीवर अधिक भर असतो. परंतु कात्री चालविण्यापूर्वीं रोप मोकळें वाढूं द्यावयाचें, असा तिचा दंडक आहे. खोड हवें तितकें जाड झालें कीं तें आखूड करावयाचें. त्यांतून फुटलेली फांदी पुन्हां मोकळी सोडावयाची आणि ती खोडाच्या मानानें भरली म्हणजे तीहि तोडावयाची. असें टप्प्याटप्प्यानें करीत गेलें असतां खालीं जाड व वर निमुळतें असें जुन्या वृक्षाचें रूप येतें. एकेका टप्प्यास कित्येक वर्षें लागतात. कारण उघड आहे. खोड जाड होतें तें पानांनीं तयार केलेल्या अन्नावर. पानेंच वरचेवर छाटलीं तर रोप जन्मभर काडीसारखें राहावयाचें. नवशिक्याची कात्री बहुधा येथेंच चुकते.

शेंडा खुडला कीं बाजूचे डोळे फुटतात, हें तुळशीच्या मंजिऱ्या खुडणाऱ्या प्रत्येक गृहिणीस ठाऊक असतें. त्यामागील रहस्य उलगडूं लागलें तें मात्र १९३३ सालीं. अमेरिकेंत केनेथ थिमन व फोल्के स्कूग यांनीं एका शेंगवर्गीय रोपाचा शेंडा कापून त्या जागीं ऑक्सिन हें वाढीचें द्रव्य ठेवलें, तेव्हां शेंडा नसतांहि बाजूचे डोळे निजलेलेच राहिले. पुढें २०१४ सालीं वाटाण्यावरील प्रयोगांत असें दिसलें कीं, शेंड्याकडे धांवणारी साखर तो नाहींसा होतांच डोळ्यांकडे वळते व तीच त्यांस प्रथम जागें करते. तात्पर्य, कात्री झाडाच्या जीवनरसाची वाट बदलते. म्हणून किती कापलें याहून कोणता डोळा राखला, हें अधिक महत्त्वाचें. नांदरुकाची फांदी पेराच्या किंचित् वर, बाहेर तोंड असलेला डोळा राखून कापावी. चीक गळेल तो पुसून घ्यावा. हें झाड जुन्या लांकडांतूनहि फुटतें. पाइनची गोष्ट वेगळी. त्याच्या फांदीवर हिरव्या सुया न राखतां ती कापली, तर ती बहुधा वाळून जाते.

हें ज्ञान एका हातांतून दुसऱ्या हातांत गेलें म्हणूनच टिकलें. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपानें टोकियो उद्ध्वस्त झाल्यावर तेथील कांहीं व्यावसायिक माळ्यांनीं स्वच्छ पाणी व मोकळी हवा यांच्या शोधांत ओमिया येथें १९२५ सालीं वसाहत केली. निदान दहा झाडें बाळगावीं आणि फाटक सर्वांस खुलें ठेवावें, असे तेथील रहिवाशांनीं नियम केले. हिरोशिमा येथील यामाकी कुटुंबाकडे १६२५ सालापासून जोपासलेलें एक पाइनचें झाड होतें. ६ ऑगस्ट १९४५ रोजीं अणुबाँब पडला तेव्हां तें स्फोटस्थानापासून सुमारें दोन मैलांवर, भिंतीच्या आडोशास होतें, म्हणून वांचलें. तीनशें वीस वर्षें ज्या हातांनीं तें सांभाळलें त्यांच्या वारसांनीं १९७६ सालीं तें अमेरिकेस भेट दिलें. त्याची हिरोशिमाची कथा वॉशिंग्टन येथील उद्यानवाल्यांस कळली ती २००१ सालीं, मासारू यामाकी यांचे नातू तेथें भेटीस आले तेव्हां.

आक्षेपकास उत्तर द्यावयाचें तर तें या झाडाकडे बोट दाखवून द्यावें. उथळ पात्रांतील मूठभर मातीला पाणी देण्यास कोणी चुकलें तर उन्हाळ्याच्या चार दिवसांत असें झाड मरतें. तें चार शतकें जगलें, याचाच अर्थ तितका काळ कोणीना कोणी त्याची दररोज वास्तपुस्त केली आहे. छळानें इतकीं वर्षें कोणी जगत नाहीं. आणि खिडकींतलें रोप घेऊन बसलेल्या हौशी मनुष्यानें एवढेंच करावें. पहिलें वर्ष त्याला पाणी, प्रकाश व मोकळीक द्यावी, प्रत्येक पेर नीट पाहावें आणि आज राखलेल्या डोळ्याची फांदी पुढें कोणाच्या हातीं भरेल, याचा विचार करून मगच कात्री उचलावी.