कुलपाची कसोटी

जुन्या मराठी वाड्याच्या दरवाजामागे भिंतीत एक खोल भोक असे. रात्र झाली की त्यातून जाड लाकडी अडसर सरकत बाहेर येई आणि पलीकडच्या भिंतीत जाऊन बसे. त्याला ना स्प्रिंग होती, ना किल्ली. मात्र तो आतून लावावा लागे. घरात माणूस असेल तरच त्याचा उपयोग. घरातील सारी माणसे दिवसभर बाहेर राहू लागली, की अडसराचे काम संपते आणि कुलपाचे सुरू होते.

आज शहरांतील दारांना जो ‘डेडबोल्ट’ बसवतात, तो तत्त्वतः हा अडसरच होय. फक्त तो बाहेरून किल्लीने सरकवता येतो. साध्या लॅचची जीभ स्प्रिंगच्या जोरावर पुढे आलेली असते. दार ओढताच ती आपोआप बसते, आणि फटीतून पातळ पट्टी सारली तर पुष्कळदा तितक्याच सहजपणे मागेही जाते. डेडबोल्टची दांडी किल्ली फिरल्यावाचून हलत नाही. म्हणून घराची सुरक्षितता पुष्कळ अंशी एका प्रश्नावर येऊन ठेपते : खऱ्या किल्लीवाचून हे कुलूप उघडता येईल काय? या प्रश्नाचा छडा लावण्यात इंग्लंडातील कारागिरांची सुमारे पाऊणशे वर्षे खर्ची पडली.

अठराव्या शतकापर्यंत युरोपातील कुलपांचा भरवसा आत बसवलेल्या आडव्या पट्ट्यांवर असे. त्यांना अनुरूप खाचा असलेली किल्लीच आत फिरू शके. परंतु किल्लीचा मधला भाग कानशीने घासून टाकला, की तीच किल्ली अनेक कुलपांना लागू पडे. १७७८ साली रॉबर्ट बॅरन याने निराळी युक्ती काढली. त्याच्या कुलपातील प्रत्येक तरफ नेमक्या उंचीपर्यंत उचलली गेली तरच बोल्ट सरके. कमी उचलली तरी अडे, जास्त उचलली तरी अडे. १७८४ साली जोसेफ ब्रामा याने याहून गुंतागुंतीचे कुलूप सिद्ध केले. हा यॉर्कशायरमधील शेतकऱ्याचा मुलगा. पायाला दुखापत झाल्याने शेती सुटली आणि तो सुतारकामाकडे वळला. आपल्या कुलपाविषयी त्याच्या पेढीला इतकी खात्री होती, की लंडनमधील पिकॅडिलीच्या दुकानात एक कुलूप मांडून, ते किल्लीवाचून उघडणारे साधन जो तयार करील त्याला दोनशे गिनी देण्याची जाहीर पाटी तिने लावली. ती पाटी अर्धशतकाहून अधिक काळ तशीच राहिली.

१८१७ साली पोर्ट्‌समथच्या सरकारी गोदीत बनावट किल्ल्यांनी चोरी झाली. तेव्हा स्वतःच्या किल्लीखेरीज दुसऱ्या कशानेही न उघडणाऱ्या कुलपासाठी सरकारने शंभर पौंडांचे बक्षीस जाहीर केले. पुढच्याच वर्षी जेरमाया चब याने आपले कुलूप पुढे आणले. त्यात एक चतुराई होती. कोणी चाळवाचाळव करताना एखादी तरफ प्रमाणाबाहेर उचलली, की कुलूप अडकून बसे आणि चोराने हात लावला होता हे मालकाला कळे. निकामी जहाजावरील तुरुंगात पूर्वी कुलूपकाम करणारा एक कैदी होता. हे कुलूप उघडल्यास त्याला माफी आणि शंभर पौंड मिळणार होते. दोन-तीन महिने खटपट करून त्याने अखेर हार मानली.

इंग्रजांचा हा विश्वास १८५१ सालच्या लंडनच्या महाप्रदर्शनापर्यंत टिकला. आल्फ्रेड चार्ल्स हॉब्ज हा अमेरिकन गृहस्थ न्यूयॉर्कच्या डे आणि न्यूएल या पेढीचे कुलूप घेऊन तेथे आला होता. २२ जुलै रोजी वेस्टमिन्स्टरमधील एका घरात, साक्षीदारांसमक्ष, त्याने चबचे कुलूप पंचवीस मिनिटांत उघडले आणि सात मिनिटांत पुन्हा बंदही केले. नंतर तो ब्रामाच्या कुलपाकडे वळला. तीन पंच नेमण्यात आले आणि तीस दिवसांची मुदत ठरली. सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास काम करून त्याने तेही उघडले. ब्रामाच्या पेढीने आक्षेप घेतले. परंतु पंचांनी निकाल हॉब्जच्या बाजूने दिला आणि दोनशे गिनी त्याला मिळाल्या.

हॉब्जची रीत ऐकताना साधी वाटते. बोल्टवर हलका दाब द्यायचा. कोणत्याही दोन तरफा तंतोतंत सारख्या घडलेल्या नसतात, त्यामुळे दाब आधी एकीवर पडतो. तिला हळूहळू उचलायचे. ती योग्य जागी आली की दाब दुसरीवर जातो. म्हणजे त्याने कुलपाच्या कल्पनेवर नव्हे, तर कारागिराच्या हातून राहून गेलेल्या केसभर फरकावर मात केली.

या घटनेने इंग्लंडात मोठा वाद माजला. कुलपांचे दोष जाहीर करणे म्हणजे चोरांना शिकवणीच देणे, असे अनेकांचे मत होते. हॉब्जचे म्हणणे उलट होते. चोर आपल्या धंद्यात तरबेज असतात. जे लपवायचे ते त्यांना बहुधा आधीच ठाऊक असते. अज्ञानात राहतो तो बिचारा मालक, आणि नुकसानही त्याचेच होते. काळाने कौल हॉब्जला दिला. दोष उघड झाल्यावरच चबसह सर्व कारखानदार सुधारणेला लागले. हॉब्जने मिरवलेले अमेरिकन कुलूपही या न्यायातून सुटले नाही. काही वर्षांतच लायनस येल या त्याच्याच देशबांधवाने ते उघडून दाखवले. याच येलने १८६१ आणि १८६५ साली खिट्ट्यांच्या कुलपाचे पेटंट घेतले. त्यामागील तत्त्व प्राचीन इजिप्तच्या लाकडी कुलपांत आढळते. येलने त्याला लहानशा नळीत आणि खिशात मावणाऱ्या चपट्या किल्लीत बसवले. आजच्या बहुतेक डेडबोल्टांचे हृदय हेच आहे.

भारतातही ही विद्या रुजली. वकिली सोडलेल्या अर्देशीर गोदरेज यांनी प्रथम शस्त्रक्रियेची हत्यारे बनवण्याचा उद्योग आरंभला होता. त्यांवर स्वदेशी छाप मारण्याच्या प्रश्नावरून ग्राहकाशी बिनसले आणि तो उद्योग सोडावा लागला. मग १८९७ साली त्यांनी मुंबईत कुलपांचा कारखाना काढला. अलीगढची कुलपे तर देशभर पोचली.

दारासाठी डेडबोल्ट निवडणाऱ्या गृहस्थाला या इतिहासातून काय घेता येईल? पहिली गोष्ट अशी, की कोणतेही कुलूप अभेद्य नसते. ते वेळ विकत घेते. पंचवीस मिनिटे आणि एक्कावन्न तास यांतील अंतर हीच त्याची खरी किंमत. दुसरी गोष्ट, जाहिरातीतील शब्दांपेक्षा त्रयस्थाने घेतलेल्या परीक्षेचा दाखला मोलाचा. नळी ड्रिलला दाद न देणाऱ्या कठीण पोलादाने राखली आहे काय, खिट्ट्या ठोके देऊन उडवण्याच्या युक्तीला अटकाव आहे काय, आणि किल्लीची नक्कल मालकाच्या संमतीवाचून निघू शकते काय, हे विचारून घ्यावे. तिसरी गोष्ट वाड्याचा अडसर सांगतो. दांडी चांगली इंचभर लांब असली, पण चौकटीतील पट्टी आखूड स्क्रूंनी बसवलेली असली, तर चोर कुलपाच्या वाटेला जातच नाही. तो दाराला धक्का देतो आणि चौकट फुटते. वाड्याच्या सुताराला हे ठाऊक होते. म्हणूनच अडसराचे टोक तो चौकटीत नव्हे, भिंतीत रोवत असे.