'स्लूथ' : श्वानापासून हेरापर्यंत

इंग्रजी रहस्यकथांच्या वाचकाला 'स्लूथ' म्हटले की भिंग हाती घेतलेला गुप्तहेर आठवतो. या शब्दाच्या पोटात मात्र एक कुत्रा दडला आहे. प्राचीन नॉर्स भाषेत 'स्लोद' म्हणजे माग. इ. स. १२०० च्या सुमारास तो शब्द इंग्रजीत दिसतो, तोही केवळ याच अर्थाने. आळसवाचक 'स्लॉथ'शी त्याचे नाते जोडण्याचा मोह आवरावा; त्या शब्दाचे मूळ 'स्लो'मध्ये आहे.

चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्कॉटलंडमध्ये 'स्लूथ-हाउंड' हा जोडशब्द भेटतो : वासावरून माग काढणारा कुत्रा. जॉन बार्बर याने १३७५ च्या सुमारास रचलेल्या 'द ब्रूस' या काव्यातील त्याचा प्रसंग आम्हांला विलक्षण वाटतो. १३०६ मध्ये राजा झालेला रॉबर्ट ब्रूस रानोमाळ पळत आहे आणि लॉर्नचा जॉन त्याच्या मागावर आहे. जॉनपाशी जो कुत्रा आहे तो एके काळी ब्रूसनेच वाढवलेला. राजाचे सोबती पांगले तरी कुत्रा राजाचाच माग धरतो. जुना लळाच शत्रूला वाट दाखवतो! अखेर राजा ओढ्याच्या पाण्यातून चालत जातो आणि वास तुटतो. पण बार्बर येथे थांबत नाही. एका तिरंदाजाने कुत्र्याला मारले असेही काही जण सांगतात, हे तो नोंदवतो. दोहोंपैकी खरे कोणते याचा निवाडा तो करत नाही, राजा त्या ओढ्यापाशी निसटला एवढेच ठामपणे सांगतो. मध्ययुगीन कवींना इतिहासदृष्टी नव्हती असे सरसकट म्हणणाऱ्यांनी हा भाग अवश्य वाचावा.

पुढे इंग्लंड-स्कॉटलंड सीमेवर गुरे पळवणाऱ्यांच्या मागे हेच कुत्रे सोडले जात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हा जोडशब्द चिकाटीने शोध घेणाऱ्या माणसालाही लागला. १८७२ मध्ये अमेरिकेत हार्लन हॅल्सीच्या कथांतून 'ओल्ड स्लूथ' हा हेर अवतरला, आणि 'हाउंड' गळून पडले.

मराठीतला 'हेर' 'हेरणे' या क्रियापदाशी बांधलेला आहे, म्हणजे तो डोळ्यांनी शोधतो, इंग्रजीतला नाकाने. वास्तविक नाकाने शोधणारी आपल्याकडेही होती. पणींनी दडवलेल्या गायी शोधणारी इंद्राची सरमा ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात (सूक्त १०८) भेटते. तिच्या नावावरून आलेला 'सारमेय' मात्र पुढे कोणत्याही कुत्र्याला लागला, अगदी उकिरड्यावरच्यालासुद्धा.